बॅकस्लॅशचा इशारा आणि पायथनच्या आवृत्त्या

पायथनची ३.१२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली आणि वर्षानुवर्षे बिनबोभाट चालणारे कितीतरी प्रोग्रॅम एक इशारा दाखवू लागले: अवैध एस्केप. अवतरणचिन्हांतल्या मजकुराला स्ट्रिंग म्हणतात. तिच्यात बॅकस्लॅश आला की पायथन पुढच्या अक्षराचा ठरलेला अर्थ लावते. 'एन' असेल तर नवी ओळ, 'टी' असेल तर टॅब. पुढचे अक्षर ठरलेल्या यादीत नसेल, तर दोन्ही चिन्हे जशीच्या तशी ठेवली जातात. ही सवलत आता संपत आली आहे. डिसेंबर २०१६ मधल्या ३.६ आवृत्तीपासून तिच्याबद्दल इशारा आहे, पण तो सहसा दडलेलाच राही. ३.१२ मध्ये तो उघड झाला आणि पुढच्या एखाद्या आवृत्तीत असा प्रोग्रॅम चालणारच नाही.

हिंगोली जिल्ह्याचा या विषयाशी थेट संबंध येतो. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारायची आहे. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांब असतील. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. गोंगाटातून लहरींचा क्षीण संकेत कसा वेचायचा, याच्या गणितात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील संजीव धुरंधर यांचे काम पायाभूत मानले जाते. आज हे विश्लेषण बरेचसे पायथनमध्ये होते. पायसीबीसी, जीडब्ल्यूपाय आणि बिल्बी ही त्यातली परिचित पॅकेजेस. त्यांच्या आलेखांवरची ग्रीक अक्षरे आणि गणिती चिन्हे लाटेक्स या मांडणीभाषेच्या पद्धतीने लिहितात, आणि लाटेक्सची प्रत्येक आज्ञा बॅकस्लॅशनेच सुरू होते.

सूर्याचे चिन्ह काढणारी 'ओडॉट' ही आज्ञा साध्या स्ट्रिंगमध्ये लिहिली की ३.१२ इशारा देते, पण आलेख बरोबर येतो. संकेत आणि गोंगाट यांचे गुणोत्तर दाखवणारे 'ऱ्हो' मात्र रोमन 'आर'ने सुरू होते. बॅकस्लॅश आणि 'आर' मिळून ओळीच्या आरंभी परतण्याचा अदृश्य संकेत तयार होतो, म्हणून इशारा येत नाही आणि अक्षर बिघडते. 'टाऊ', 'न्यू', 'बीटा' यांचेही तेच होते. 'एक्स'ने सुरू होणाऱ्या 'क्साय'वर तर प्रोग्रॅम तिथेच अडतो. इशारा आलेल्या ओळींपेक्षा न आलेल्या ओळी अधिक धोक्याच्या आहेत, हे दुरुस्ती करणाऱ्याने पक्के ध्यानात ठेवावे.

उपाय दोन आहेत. अवतरणचिन्हाआधी 'आर' लिहून स्ट्रिंग 'रॉ', म्हणजे बॅकस्लॅशचा विशेष अर्थ न लावणारी, करावी किंवा बॅकस्लॅश दोनदा लिहावा. दोन्ही गोष्टी पायथन २.७ पासून आजच्या आवृत्तीपर्यंत सारख्याच चालतात. लाटेक्स आणि मजकुरातले नमुने शोधणाऱ्या रेग्युलर एक्स्प्रेशनसाठी पहिला उपाय वाचायला सोपा. पण सगळीकडे सरसकट 'आर' लावू नये. त्याच स्ट्रिंगमध्ये खरीखुरी नवी ओळ हवी असेल तर ती नाहीशी होऊन बॅकस्लॅश आणि 'एन' ही अक्षरे छापली जातील. तिथे लाटेक्सच्या आज्ञांपुरता दुहेरी बॅकस्लॅशच हवा. विंडोजमधल्या फोल्डरचा पत्ता एकट्या बॅकस्लॅशवर संपत असेल, तर तो रॉ स्ट्रिंगमध्ये लिहिताच येत नाही. पायथन २ मधली 'यू' आणि 'आर' एकत्र लावण्याची रीत पायथन ३ ने काढून टाकली आहे, त्यामुळे दोन्हीकडे चालवायचे असेल तर ती वापरू नये. फंक्शनचे स्पष्टीकरण देणाऱ्या डॉकस्ट्रिंगही तपासाव्यात, कारण सूत्रे त्यांतही असतात.

तपासणी करताना आणखी एक अडचण येते. पायथन इम्पोर्ट केलेली फाइल कंपाइल करून साठवते आणि इशारा फक्त कंपाइल करताना देते. दुसऱ्यांदा चालवल्यावर तो दिसला नाही म्हणून चूक गेली असे नाही. सर्व फाइली नव्याने कंपाइल करायला लावून इशाऱ्यांना चूक मानण्याचा पर्याय द्यावा, आणि ही चाचणी ज्या ज्या आवृत्त्यांवर प्रोग्रॅम चालवायचा आहे त्या सर्वांवर घ्यावी. दुरुस्तीआधीच्या आणि नंतरच्या स्ट्रिंगांची मूल्ये ताडून पाहावीत. इशारा आलेल्या ओळींत मूल्य तसूभरही बदलता कामा नये. ते बदलले असेल तर ती दुरुस्ती मागे घ्यावी.