पुवाळलेले फोड आणि होमिओपॅथीच्या गोळ्या

पावसाळ्याचे दिवस आले, की पहिली-दुसरीच्या वर्गांत नाकाखाली, ओठांच्या कडेला किंवा हातापायांवर फोड आलेली मुले दिसू लागतात. प्रथम लहानशी लाल पुळी येते, तीत पाणी व पुढे पू धरतो, ती फुटते आणि तिच्यावर मधाच्या रंगाची खपली बसते. वैद्यकात या रोगास ‘इंपेटिगो’ म्हणतात. पालकांकडे चौकशी केली असता, ‘साबुदाण्यासारख्या गोळ्या चालू आहेत,’ असे उत्तर कित्येकदा मिळते. त्या गोळ्यांवर कितपत विसंबावे, याची स्पष्ट कल्पना शिक्षकास असणे अगत्याचे आहे. कारण खेड्यात अशा बाबतीत पालक शिक्षकाच्या शब्दास मान देतात.

हा रोग रक्तातील उष्णतेमुळे होत नाही, किंवा कोणाच्या दृष्टीनेही होत नाही. त्याचे कारण जंतू होत. पुवात द्राक्षांच्या घडासारखे दिसणारे स्टॅफिलोकोकस आणि माळेसारखे दिसणारे स्ट्रेप्टोकोकस या दोन जातींचे जंतू तो उत्पन्न करतात. डास चावल्याची जागा, खरजेची पुळी किंवा साधे खरचटणे यांतून ते त्वचेत शिरतात. खाजवलेली नखे, एकच पंचा, एकच अंथरूण यांच्या द्वारे ते एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातात. म्हणून एका घरातील तिन्ही भावंडांना एकाच वेळी फोड आलेले आढळतात.

होमिओपॅथीचे जनक जर्मन वैद्य सॅम्युएल हानेमान यांनी आपले तत्त्व १७९६ साली मांडले. निरोगी माणसात जी लक्षणे एखादे द्रव्य उत्पन्न करते, तीच लक्षणे असलेला रोग त्या द्रव्याच्या सूक्ष्म मात्रेने बरा होतो, असे ते तत्त्व आहे. त्यानुसार फोडांतून मधासारखा चिकट स्राव येत असल्यास ग्रॅफायटीस, जाड व कठीण खपली असल्यास अँटिमोनियम क्रूडम आणि खपलीखाली पू साचत असल्यास मेझेरियम, अशी निवड केली जाते. येथे लक्षणे पाहिली जातात. जंतूंचा विचार त्यात नाही. हानेमान १८४३ साली वारले आणि स्टॅफिलोकोकसला ते नाव १८८२ साली मिळाले, हे ध्यानात घेतले म्हणजे याचे नवल वाटत नाही.

आता मात्रेचा हिशेब पाहू. ‘३० शक्ती’च्या औषधासाठी मूळ द्रव्याचा एक भाग नव्व्याण्णव भाग द्रवात मिसळतात, त्या मिश्रणाचा एक भाग पुन्हा नव्व्याण्णव भागांत, असे तीस वेळा करतात. म्हणजे एकावर साठ शून्ये इतक्या भागांत मूळ द्रव्याचा एक भाग होतो. प्रत्यक्षात बाराव्या पायरीच्या पुढे मूळ द्रव्याचा एक रेणूदेखील उरण्याचा संभव जवळजवळ नसतो. उरते ती साखरेची गोळी. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली उपलब्ध संशोधनाची छाननी करून, होमिओपॅथी परिणामकारक ठरते असा विश्वसनीय पुरावा कोणत्याही आजाराबाबत आढळत नाही, असा निष्कर्ष काढला. आपल्या देशात या पद्धतीस कायद्याची मान्यता आहे. परंतु कायद्याची मान्यता ही गुणाची सिद्धता नव्हे.

मग गुण आल्याचे लोक सांगतात ते कसे? सौम्य इंपेटिगो पुष्कळदा दोन-तीन आठवड्यांत आपोआप बरा होतो. त्या काळात गोळ्या चालू असल्या, की श्रेय गोळ्यांकडे जाते. पण याच दोन-तीन आठवड्यांत फोड पसरतात, भावंडांना व वर्गातील मुलांना लागण होते आणि क्वचित जंतू त्वचेत खोल जातात. स्ट्रेप्टोकोकसच्या फोडांनंतर काही मुलांच्या मूत्रपिंडास सूज येते. फोड आल्यापासून सुमारे तीन आठवड्यांनी सकाळी चेहरा सुजलेला दिसणे आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होणे, ही तिची लक्षणे होत. फोड सुकले तरी ही लक्षणे दिसताच मुलास त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

खात्रीचा उपचार सोपा आहे. थोडे फोड असल्यास डॉक्टर जंतुनाशक मलम देतात. अधिक असल्यास पोटात घेण्याचे प्रतिजैविक औषध देतात. ठरवून दिलेले दिवस ते पूर्ण घ्यावे लागते. मूळची खरूज असल्यास तिचाही उपचार घरातील सर्वांनी एकाच वेळी करावा लागतो.

शिक्षकाने करावयाचे ते इतके: फोड दिसताच पालकांस बोलावून प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवावे. ताप, वाढती लाली किंवा फार वेदना असल्यास मुळीच विलंब होऊ देऊ नये. औषध सुरू होऊन किमान एक दिवस लोटेपर्यंत मुलास घरी ठेवण्यास सांगावे व पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने चालावे. वर्गात साबणाने हात धुण्याची व नखे कापण्याची सवय लावावी. राख, शेण किंवा चुना फोडांवर लावू देऊ नये. शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येईल तेव्हा अशी मुले आवर्जून दाखवावीत.

पालकांच्या श्रद्धेची थट्टा करू नये. ‘गोळ्या वाईट’ असा वाद घालण्यापेक्षा, ‘हा जंतूंचा रोग आहे, मलमाने लवकर आटोक्यात येतो, आजच केंद्रात दाखवून घ्या,’ असे सांगणे अधिक फलदायी ठरते. तसेच फोड आलेल्या मुलास सर्वांसमक्ष वेगळे बसवून लाजवू नये. खपली चार दिवसांत पडून जाते. वर्गात झालेला अपमान मात्र मुलाच्या मनातून सहसा जात नाही.