कात्रजपासून उताराला

तासगावहून निघालेली एसटी कात्रजला पोचली की निम्मी गाडी उठून उभी राहते. स्वारगेटपर्यंत जायचं फार थोड्यांना असतं, कारण आपल्याकडची पोरं राहतात ती धनकवडी, आंबेगाव, बालाजीनगर या बाजूला. सोनसळच्या पतंगराव कदमांनी १९६४ साली भारती विद्यापीठ स्थापन केलं, पुढं ते सातारा रस्त्यालगत विस्तारलं आणि सांगली-साताऱ्याची माणसं या भागात दाट झाली. कुणाचा ना कुणाचा दोस्त इथं कॉट बेसिसवर असतोच, आणि इमारतीच्या पार्किंगमध्ये एखादी सायकल धूळ खात उभी असते.

दोन दिवस दोस्ताकडं गेलात तर ती सायकल मागून घ्या. हवा भरा, ब्रेक तपासा आणि रविवारी उजाडताच बाहेर पडा. दोस्त त्याच्या मोटारसायकलवर मागं बसवून शनिवारवाडा, सारसबाग, तुळशीबाग दाखवून आणेलच. पण पुणं कुठं उंच, कुठं खोल, त्यातून पाणी कुठून कुठं गेलं हे इंजिनाच्या गाडीवर कळत नाही. ते सायकलवर मांड्यांना कळतं. विसापूर-पुणदी, ताकारी, म्हैसाळ या योजनांचं पाणी पंपानं चढावर येण्याची वाट बघण्यात ज्यांची वर्षं गेली, रात्री-अपरात्री ज्यांनी शेतात दारं धरलं, त्या तासगावकरांना तर हे शहर चढ-उतारातूनच बघायला हवं.

कात्रजच्या तलावापासून सुरुवात करा. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी इथं बांध घातले आणि तिथून थेट शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगडी नळ नेला. नळ म्हणजे लोखंडी पाइप नव्हे. माणूस आत उतरून गाळ काढू शकेल असा चिरेबंदी बोगदा. आठ-दहा किलोमीटरच्या या वाटेवर पंप नाही, मोट नाही. सगळा खेळ उताराचा. उतार जास्त दिला तर पाणी बांधकाम खाणार, कमी दिला तर गाळ साचणार. मधे ठिकठिकाणी दगडी उच्छ्वास उभारले, म्हणजे आतली हवा मोकळी राहते आणि सफाईला उतरायला वाट मिळते. त्यांतले काही अजून उभे आहेत.

आपली एसटी स्वारगेटला जाते ती साधारण याच नळाच्या अंगानं. गाडीत बसून हे जन्मात जाणवत नाही. सायकलवर मात्र कात्रज सोडलं की बहुतेक वाट पायडल हलकं लागतं, आणि सरळ उमजतं की पेशव्यांच्या गवंड्यांनी हीच वाट का धरली. फक्त उड्डाणपुलांवर चढू नका, खालचा रस्ता धरा. तासगावचं गणपतीचं देऊळ उभारणारे परशुरामभाऊ पटवर्धन ज्या पुण्यात वावरले, त्या पुण्याच्या हौदांत हेच पाणी येत होतं. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावं आजही पत्त्यात लिहिली जातात.

स्वारगेटवरून डावीकडं सारसबागेकडं वळा. रस्त्याच्या मानानं बाग खोलात आहे, कारण ती एका तळ्याची जागा आहे. कात्रजच्या डोंगरातून येणारा आंबिल ओढा पूर्वी वस्तीच्या अंगावरून जायचा. पेशवाईत तो पर्वतीच्या पायथ्याला अडवून वळवला, तळं झालं, त्यातल्या बेटावर १७८४ साली गणपती बसला. तळं बुजून बाग झाली, तरी लोक त्याला अजून तळ्यातला गणपतीच म्हणतात. ओढ्याच्या काठाची पुढं काय दशा झाली ते २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री दिसलं. डोंगरावर पाऊस कोसळला आणि ओढ्यानं घरं, गाड्या, माणसं नेली. पाण्याची वाट घरांनी अडवली की काय होतं, हे कृष्णाकाठच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

तिथून पेठांत शिरा. आठच्या आत मंडई, लक्ष्मी रस्ता, अप्पा बळवंत चौक निवांत फिरून होतो. दहानंतर सायकल हातात धरून चालावं लागतं. लक्ष्मी रस्ता सोडून नारायण पेठेतून नदीकडं निघालात की सायकल आपोआप पळायला लागते. १२ जुलै १९६१ला पानशेतचं काम पुरं न झालेलं मातीचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासला गेलं, तेव्हा पाण्यानं गाठलेला भाग तो हाच. भिडे पुलावर उभं राहून लकडी पुलाकडं बघा. त्या दिवशी पाणी त्या पुलावरून वाहत होतं.

पुणं एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जाई. त्या दिवसांची साक्ष कर्वेनगरातल्या विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात मिळते. दुसऱ्या महायुद्धातली पॅराट्रूपरची घडीची सायकलही तिथं आहे. आपल्या शेजारच्या किर्लोस्करवाडीची मुळंसुद्धा सायकलीतच आहेत, हे तिथं उभं राहून आठवावं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात भावासोबत दुकान काढलं ते सायकलींचं. लोखंडी नांगर नंतरचा, आणि औंध संस्थानच्या माळावरचा कारखाना १९१०चा.

आजच्या पुण्यात सायकलस्वाराचे हाल आहेत. २००६ साली सातारा रस्त्यावर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका आली तेव्हा कडेनं सायकल ट्रॅकही केले. आता त्यांवर गाड्या लागतात, टपऱ्या असतात, मधेच फरशी संपते. महापालिकेनं २०१७ साली ८२४ किलोमीटरच्या सायकल मार्गांचा आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास ॲपवरच्या भाड्याच्या सायकली रस्तोरस्ती दिसू लागल्या आणि दोन-तीन वर्षांत दिसेनाशाही झाल्या. मला याचा मनापासून राग येतो. मेट्रोवर हजारो कोटी खर्च करणाऱ्या शहराला कात्रज ते स्वारगेट एक सलग, मोकळा ट्रॅक राखणं अवघड नाही. रोज सायकलवर कामाला जाणारा वॉचमन, दूधवाला, गवंडी त्या ट्रॅकचा पहिला हक्कदार आहे. आपण पाहुणे नंतरचे.

परतीचं आधी ठरवून निघा. सगळा चढ तेव्हा भरावा लागतो, आणि दुपारी सातारा रस्त्यावर धूर, ऊन, पीएमपीच्या बस तिन्ही एकदम अंगावर येतात. मेट्रोत सायकल नेता येते, पण ती स्वारगेटपर्यंतच; पुढं धनकवडीला पायांनीच चढायचं आहे. त्यापेक्षा पेठेत कुणी ओळखीचा असेल तर सायकल त्याच्याकडं ठेवा आणि दोस्ताला सांगा, दुसऱ्या दिवशी उजाडायला तूच घेऊन ये. त्यालाही एकदा तो रस्ता पायाखालून जाऊ दे.