गाडीखालचा काळा डाग काय सांगतो?

आजोबांची, बाबांची नाहीतर मित्राच्या मित्राकडून स्वस्तात मिळालेली. कॉलेजात कार घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणांच्या हातात असते ती अशीच एखादी जुनी गाडी. त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव मारुती ८००. डिसेंबर १९८३मध्ये पहिल्या ८००ची किल्ली ग्राहकाच्या हातात गेली आणि जानेवारी २०१४मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे सगळ्यात 'तरुण' ८००सुद्धा आता दहा वर्षांच्या पुढे गेलीये. या वयाच्या गाड्यांची एक कॉमन तक्रार असते. सकाळी गाडी बाहेर काढली की पार्किंगच्या फरशीवर काळा डाग!

गॅरेजमध्ये नेल्यावर साधारण दोन उत्तरं मिळतात. एक, 'जुनी गाडी आहे, थोडं गळणारच, चालू द्या.' दुसरं, 'इंजिन उतरवावं लागेल.' गंमत म्हणजे दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात आणि दोन्ही चूकही. पण पॉकेटमनीवर गाडी चालवणाऱ्यासाठी या दोन उत्तरांमध्ये काही शे ते कित्येक हजार रुपयांचा फरक असतो. म्हणून गॅरेजला जाण्याआधी गळतंय कुठून आणि का, एवढं तरी आपल्याला कळायला हवं.

कुकरच्या रिंगसारखंच

इंजिन म्हणजे एकसंध ठोकळा नाही. धातूचे वेगवेगळे भाग बोल्टने एकमेकांवर बसवलेले असतात. धातूवर धातू कितीही घट्ट आवळला तरी बारीक फट राहतेच. ती बंद करायला मध्ये रबराचं, बुचाचं किंवा खास कागदाचं गॅस्केट घालतात. गॅरेजच्या भाषेत 'पॅकिंग'. फिरणाऱ्या दांड्याभोवती जी रबरी रिंग बसते तिला 'ऑइल सील' म्हणतात.

घरातल्या कुकरची रिंग आठवा. नवी असताना मऊ असते, झाकणाला घट्ट धरते. रोज तापून-थंडावून ती कडक होते आणि मग बाजूने वाफ सुटायला लागते. पॅकिंगचं हेच होतं. इंजिन दर वेळी तापतं, थंड होतं, आणि रबर कडक होत होत शेवटी तडकतं. उन्हात महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीचं पॅकिंगही सुकतं. त्यामुळे 'गाडी कमी चाललीये' ही काही गॅरंटी नाही.

कुकरची शिट्टीही आठवा. ती तुंबली तर नव्या रिंगमधूनही वाफ सुटेल. इंजिनलाही अशी एक 'शिट्टी' असते. पिस्टनच्या बाजूने थोडा गॅस खाली उतरतोच. तो बाहेर काढायला एक ब्रीदर पाइप आणि बऱ्याच गाड्यांमध्ये पीसीव्ही नावाचा छोटा व्हॉल्व्ह असतो. हा मार्ग काजळीने तुंबला की आतला दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर ढकललं जातं. पॅकिंग बदलूनही महिन्याभरात पुन्हा गळती सुरू झाली, तर संशय आधी इथे घ्यायचा.

आधी धुवा, मग शोधा

डाग दिसला म्हणजे तो इंजिन ऑइलचाच असेल असं नाही. एसी लावल्यावर खाली पडतं ते साधं पाणी, ते सोडून द्या. हिरवट किंवा गुलाबी असेल तर कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, तेलकट ओल दिसली तर ब्रेक ऑइल असू शकतं. तसं असेल तर गाडी चालवूच नका. तपकिरी ते काळं आणि बोटांना गुळगुळीत लागणारं, ते इंजिन ऑइल.

तेल खाली ओघळतं आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे सरकतं. त्यामुळे जिथून थेंब पडतो तिथूनच गळती असते, असं मुळीच नाही. वरच्या टॅपेट कव्हरमधून निघालेलं तेल खालच्या चेंबरच्या टोकाला लटकतं आणि बिल चेंबरच्या पॅकिंगचं फाटतं! म्हणून पहिली पायरी म्हणजे थंड इंजिन डीग्रीझरने पुसून स्वच्छ करणं. वायरिंगवर पाण्याचा फवारा मारायचा नाही. मग एक-दोन दिवस नेहमीसारखी गाडी चालवा, रात्री खाली कोरा पुठ्ठा पसरा आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. ओल दिसणारी सगळ्यात वरची जागा हीच बहुतेक वेळा खरी जागा.

नेहमीचे संशयित असे:

टॅपेट कव्हर: इंजिनच्या डोक्यावरचं झाकण. जुन्या गाड्यांमध्ये गळतीची सगळ्यात कॉमन जागा आणि दुरुस्तीला सगळ्यात सोपी.

डिस्ट्रिब्युटर: कार्ब्युरेटरच्या ८००मध्ये तो हेडच्या टोकाला बसतो. त्याची छोटी ओ-रिंग कडक झाली की तिथून तेल ओघळतं.

ऑइल फिल्टर आणि ड्रेन बोल्ट: नुकतीच सर्व्हिसिंग झाली असेल तर आधी हे बघा. फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली आणि त्यावर नवा बसवला, तर तेल गळणारच.

चेंबर: तळाची तेलाची टाकी. पॅकिंग महाग नसतं, पण तिथपर्यंत पोचायला खालचे बरेच भाग काढावे लागू शकतात.

क्रँकचं मागचं ऑइल सील: इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून थेंब पडतात. सील छोटं, पण गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. इथे मोठा खर्च खरंच योग्य असतो.

हेड गॅस्केट हा वेगळा आणि गंभीर प्रकार. कूलंट कमी होत राहणं, गरम इंजिनमधूनही पांढरा धूर येत राहणं, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा फेस दिसणं, यातलं काही असेल तर घरी प्रयोग नकोत. थेट गॅरेज गाठा.

घरी काय करता येतं?

टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदलणं हे रविवारच्या सकाळी, थोडं समजणाऱ्या माणसाला सोबत घेऊन जमण्यासारखं काम आहे. इंजिन पूर्ण थंड हवं. आधी मोबाइलवर सगळ्या पाइप आणि वायरींचे फोटो काढा. आड येणारे भाग काढा, बोल्ट थोडे थोडे करत सैल करा आणि कव्हर उचला. चिकटलं असेल तर स्क्रू-ड्रायव्हर घुसवून उचकटू नका. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर ओरखडा पडतो आणि तीच पुढच्या गळतीची जागा ठरते.

खरं काम असतं साफसफाईचं. जुन्या पॅकिंगचा कणही राहता कामा नये. प्लास्टिकच्या पट्टीने हळूच खरवडा, दोन्ही कडा कोरड्या करा आणि कचरा इंजिनमध्ये पडू देऊ नका. नवं पॅकिंग खाचेत नीट बसवा. बोल्टखाली रबरी वॉशर असतील तर तेही बदला.

इथे दोन मोह आवरायचे. पहिला सिलिकॉनचा. 'जास्त लावलं की पक्कं बसेल' असं वाटतं, पण आत दाबला गेलेला जादा सिलिकॉन तुटून तेलात पडतो आणि ऑइल पंपाच्या जाळीवर अडकू शकतो. मग सुटं पॅकिंग राहतं बाजूला आणि इंजिनचं तेलच तुटतं. मॅन्युअल सांगेल तिथे आणि तेवढाच लावा. दुसरा मोह बोल्ट आवळण्याचा. पत्र्याचं कव्हर जोर लावला की वाकतं आणि पॅकिंग चिरडतं. समोरासमोरचे बोल्ट दोन-तीन फेऱ्यांत, हलक्या हाताने आवळायचे. टॉर्क रेंच मिळाला तर उत्तमच.

गाडीखाली शिरायचं काम असेल तर फक्त जॅकच्या भरवशावर कधीच नाही. सपाट जमीन, चाकांना अडण आणि खाली भक्कम स्टँड हवेतच.

किती गळती चालते?

नुसता ओलसर थर असेल आणि थेंब पडत नसेल तर घाई नाही. दर आठवड्याला डिपस्टिक बघा: सपाट जागा, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबायचं, पट्टी पुसून पुन्हा बुडवायची. पण मिनिटाला एक थेंब म्हणजे दिवसाला १४४० थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर ७२ मिली. या वेगाने दोन आठवड्यांत एक लिटर तेल जातं. ८००च्या इंजिनमध्ये तेल असतं सगळं मिळून तीन लिटरच्या आसपास!

काही गळती मात्र थेंब मोजत बसण्याच्या पलीकडच्या असतात. तेल गरम एक्झॉस्टवर पडत असेल तर आधी जळका वास येतो, मग धूर, आणि त्यातून आगही लागू शकते. टायमिंग बेल्टवर तेल गेलं तर बेल्ट लवकर खराब होतो. क्लच प्लेटवर गेलं तर क्लच घसरतो. आणि डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला, की 'घरापर्यंत जाऊ' म्हणायचं नाही. बाजूला घ्या, इंजिन बंद. पॅकिंगचे पैसे वाचवायला गेलेल्यांचं इंजिन बसतं ते इथेच.

खासगी कारचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं. पुढे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करताना गाडी तपासली जाते. तेव्हा धावपळ करण्यापेक्षा आधीच बघितलेलं बरं.

गॅरेजमध्ये विचारा

'इंजिन उतरवावं लागेल' ऐकलं की गप्प बसू नका. गळती नेमकी कुठून आहे ते दाखवायला सांगा. इंजिन धुऊन बघितलं का, ब्रीदर तपासला का, तिथे पोचायला काय काय काढावं लागेल, हे विचारा. पार्ट आणि मजुरीचे आकडे वेगळे मागा आणि जुनं पॅकिंग परत घ्या. चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नांचा राग येत नाही. उलट तो टॉर्च मारून जागा दाखवतो.

'लीक स्टॉप'च्या बाटल्यांबद्दलही एक सांगायला हवं. त्या कडक झालेलं रबर थोडं फुगवतात, त्यामुळे बारीक पाझर काही काळ थांबू शकतो. तडकलेलं पॅकिंग त्याने जोडलं जात नाही.

आणि काढलेलं तेल? ते गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतायचं नाही. वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं. जुन्या कॅनमध्ये भरून गॅरेजच्या ड्रममध्ये द्या. काम झाल्यावर पुठ्ठा मात्र जपून ठेवा. पंधरा दिवसांनी तोच पुन्हा गाडीखाली पसरा. सकाळी कोरा मिळाला, तर काम झालं!