जपान पाहा, पण हिशेबाने

जपानला निघण्यापूर्वी आधी हिशेबाची वही उघडा. परदेशी पाहुण्यांना तिथे रेल्वेचा पास मिळतो. पूर्वी तो डोळे मिटून घ्यावा असा होता. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या साध्या पासाचा दर २९,६५० येनांवरून ५०,००० येनांवर गेला. टोकियो ते क्योटो वेगवान गाडीने जाऊन-येऊन लागतात सुमारे २८,००० येन. तेव्हा दोनच शहरे पाहायची तर सुटी तिकिटेच काढावीत. रात्रीची बस त्याहून स्वस्त. शिवाय एका मुक्कामाचे भाडे वाचते. नळाचे पाणी खुशाल प्यावे. दिवेलागणीनंतर मोठ्या दुकानांत जेवणाचे तयार डबे उतरत्या भावात मिळतात. शाकाहारी मंडळींनी मात्र चौकशी करूनच घ्यावे. भाजीच्या रश्शातही बहुधा माशाचा अर्क असतो. थोडक्यात काय, आधी बेरीज, मग तिकीट!