खाट कुठली, किती दिवसांची?
(लेखांक पाचवा)

निदानाला उशीर का होतो, हे मागच्या लेखांकात पाहिलं. निदान हातात पडलं की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "बेड मिळेल का?" आणि सरकारकडून येणारं उत्तरही खाटांच्या आकड्यातच येतं. इतक्या मंजूर, इतक्या प्रस्तावित. कर्करोगाच्या बाबतीत या आकड्यावरून फार थोडं कळतं, असं माझं ठाम मत आहे.

केमोचंच घ्या. पुष्कळशा केमोला रात्रभर राहावं लागत नाही. डे-केअरमध्ये रुग्ण खुर्चीत बसलेला असतो, हाताला सलाइन, मांडीवर फाइल. शेजारी बायको नाहीतर मुलगा बाटलीकडे नजर लावून. औषध संपलं की संध्याकाळच्या आत माणूस मोकळा. त्याच खुर्चीवर दुपारनंतर दुसरा रुग्ण बसू शकतो. याउलट तीव्र रक्तकर्करोगाच्या पहिल्या टप्प्यात रुग्णाला चारेक आठवडे दाखल ठेवावं लागतं, तेही संसर्गापासून जपून. गालाच्या किंवा जिभेच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर गळ्याला श्वासाचं छिद्र, नाकात अन्नाची नळी. असा रुग्ण घरी जाईपर्यंत आठवडा सहज जातो.

यापलीकडे एक खाट अशी असते, जिची तारीख आधी देताच येत नाही. केमोनंतर आठ-दहा दिवसांनी पांढऱ्या पेशी उतरतात. त्या काळात रात्री दोन वाजता ताप चढला तर सकाळची ओपीडी उघडेपर्यंत थांबणं जिवावर बेतू शकतं. प्रतिजैविक शक्यतो तासाभरात शिरेतून जायला हवं. म्हणजे या रुग्णांसाठी काही खाटा रिकाम्या राखाव्याच लागतात. पण आढावा बैठकीत रिकामी खाट 'वापरात नसलेली' ठरते आणि सगळ्या खाटा भरलेलं रुग्णालय कार्यक्षम. हा हिशेब बदलायलाच हवा.

आता थोडं गणित. तीस खाटांच्या वॉर्डात रुग्ण सरासरी दहा दिवस राहत असेल, तर रोज तिघांनाच जागा होते. मुक्काम सहा दिवसांवर आला की पाच जणांना. एकही नवी खाट न टाकता! मग मुक्काम लांबतो कशाने? तपासणीचा अहवाल अडतो, शस्त्रक्रियेची तारीख पुढे जाते. आणि बरेचदा, बाहेर राहायला जागा नसते. रेडिएशन, आपल्याकडे रुग्ण म्हणतात ते 'लाइट', सोमवार ते शुक्रवार, कित्येकदा पाच ते सात आठवडे चालतं. रोजचं काम काही मिनिटांचं. त्याला खाट लागत नाही, डोक्यावर छप्पर लागतं. नांदेड किंवा गडचिरोलीहून आलेल्या कुटुंबाला मुंबईत ते कुठून मिळणार? परळला टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या आसपासच्या फुटपाथांवर अंथरूण टाकून राहिलेली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईकर पाहत आले आहेत. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा अशा रुग्णांचा आधार आहे. माझ्या लेखी ती कर्करोग उपचारांच्या व्यवस्थेचाच भाग आहे, आणि अशा जागांचा खर्च आरोग्याच्या अंदाजपत्रकात दिसला पाहिजे.

मुक्काम कमी करण्याचे वैद्यकीय मार्गही आहेत. स्तनाच्या कर्करोगात पूर्वी पाच आठवडे, पंचवीस वेळा दिलं जाणारं रेडिएशन आता बहुतेक रुग्णांना तीन आठवड्यांत, पंधरा वेळा देता येतं. दोन आठवड्यांचं भाडं वाचतं, मजुरी वाचते, आणि यंत्रावर दुसऱ्या बाईचा नंबर लागतो.

केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रं उभारण्याची घोषणा झाली. दिशा बरोबर आहे. पण खोली आणि खुर्च्या म्हणजे केंद्र नव्हे. औषध सुरक्षितपणे तयार करणारा माणूस, केमोचं प्रशिक्षण घेतलेली सिस्टर, त्याच दिवशी मिळणारा रक्ताचा अहवाल, आणि रात्री ताप आला तर त्याच जिल्ह्यात राखून ठेवलेली ती खाट, एवढं हवंच. आपल्या जिल्ह्यात केंद्राचं उद्‌घाटन झालं, की या चार गोष्टी नावानिशी विचारा.

दुखणं आटोक्यात ठेवण्यासाठी, शेवटच्या टप्प्यात लागणाऱ्या खाटेचा विषय पुढच्या आठवड्यात.