मित्राला लिहिलेले पत्र

व्हिएतनामच्या युद्धात १९६५ पासून अमेरिकन शिपायाचे पत्र बिनतिकिटाचे घरी जाई. सरकार ते फोडून तपासतही नसे. तरी पत्राला कात्री लागेच. ती लावी लिहिणारा स्वतः! हेलिकॉप्टरचा वैमानिक आईला लिही, 'खुशाल आहे, काळजी नको.' मित्राला मात्र पुष्कळदा खरे कळवी: गोळ्या सुटत असताना भातखाचरात उतरायचे, जखमींना उचलायचे, पुन्हा उडायचे. मेजर चार्ल्स केली १९६४ साली अशाच कामात पडले. जखमींना घेतल्यावाचून ते परत फिरेनात.

तेव्हा गुरुजी, युद्धाचा धडा शिकवताना तारखांबरोबर असे एखादे पत्रही वर्गात वाचा. आणि गावातल्या जवानाची आई 'पोरगा खुशाल आहे' म्हणाली, तर त्याच्या मित्रालाही विचारा, बरं का!