रोखलेला हात : 'स्टार ट्रेक'मधले न विसरता येणारे क्षण

जेनस-६ नावाच्या एका दूरच्या ग्रहावर खाण आहे. जमिनीखाली बोगद्यांचं जाळं, त्यात काम करणारी माणसं आणि अंधारात दबा धरून बसलेलं काहीतरी. अंगातल्या आम्लानं खडक विरघळवत ते कुठूनही येतं, माणसाचा कोळसा करतं आणि निघून जातं. आतापर्यंत त्यानं पन्नासहून अधिक माणसं मारली आहेत. 'एंटरप्राइज' यानाचा कप्तान जेम्स कर्क त्याला मारायलाच इथे आला आहे. अचानक बोगद्याचं छत कोसळतं, कर्क एका बाजूला एकटा अडकतो आणि नेमकं तेव्हाच ते त्याच्या समोर येतं. वितळलेल्या दगडाच्या ढिगाऱ्यासारखं, सरपटणारं, अंगावर भली मोठी जखम असलेलं.

कर्क शस्त्र रोखतो. ते मागे सरतं. कर्क शस्त्र थोडं खाली घेतो. ते हल्ला करत नाही, जागच्या जागी थांबतं. संपर्कयंत्रावर यानावरच्या परग्रही अधिकाऱ्याचा, स्पॉकचा, घाबरा आवाज येतो : कॅप्टन, मारून टाका त्याला! थोड्या वेळापूर्वी हाच स्पॉक, हा त्याच्या जातीतला शेवटचा जीव असू शकतो, त्याला जिवंत पकडावं, असं सांगत होता. मित्राच्या जिवावर बेतल्यावर त्याचा तर्क कोसळलाय. आणि शिकारीला आलेला कर्क मात्र भिंतीला टेकून खाली बसतो, त्या जिवाकडे नीट बघायला लागतो.

९ मार्च १९६७ रोजी अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर दाखवलेल्या 'द डेव्हिल इन द डार्क' या भागातला हा प्रसंग. मूळ 'स्टार ट्रेक' मालिका ८ सप्टेंबर १९६६ ते ३ जून १९६९ अशी तीन हंगाम चालली. भाग एकूण ७९. त्यातले गाजलेले प्रसंग आठवायला बसलं की एक गोष्ट ठळकपणे समोर येते. अवकाशयानांच्या लढाया आणि किरणांची शस्त्रं भरपूर असूनही या मालिकेतले मनात घर करून राहिलेले क्षण मारण्याचे नाहीत. कोणीतरी हात आवरल्याचे आहेत. किंवा, कुणाला तो आवरता आला नाही, याचे.

आई निघाली

जेनस-६ वरच्या त्या जिवाचं नाव होर्टा. त्याचं शरीर कार्बनचं नाही, सिलिकॉनचं. स्पॉक त्याच्या अंगावर हात ठेवून त्याच्या मनाशी आपलं मन जोडतो आणि पहिल्यांदा त्याच्या तोंडून बाहेर पडते ती नुसती वेदना. मग हळूहळू सगळं कळतं. खाणकामगारांना बोगद्यात जे हजारो गोल दगड सापडत होते, आणि जे ते निरुपयोगी म्हणून फोडत होते, ती होर्टाची अंडी होती. तिच्या वंशातले बाकी सगळे काळाच्या ओघात संपलेले. पिलं बाहेर येईपर्यंत राखण करायला मागे उरलेली ती एकटी आई. सैतान म्हणून जिची शिकार चालली होती, ती आपल्या लेकरांचा जीव वाचवत होती.

तेवढ्यात हाती सोटे घेऊन चवताळलेले कामगार आत घुसतात. आता कर्क त्यांच्या आणि तिच्या मध्ये उभा राहतो. डॉक्टर मॅकॉय कुरकुरत का होईना, बांधकामाचं काँक्रीट भरून तिची जखम बुजवतो. शेवटी तोडगा निघतो तोही दोन्ही बाजूंच्या फायद्याचा : पिलांनी हवे तिथे बोगदे खणावेत, माणसांनी त्यातलं खनिज गोळा करावं.

होर्टाचं ते अवजड सोंग यानोश प्रोहास्का या कलावंतानं बनवलं होतं आणि तोच त्याच्या आत शिरून रांगत होता. चित्रीकरण चालू असतानाच कर्कची भूमिका करणाऱ्या विल्यम शॅटनर यांना वडील गेल्याची बातमी आली होती. आज तो भाग बघताना रबराचं कातडं सहज ओळखू येतं. तरीही 'ती आई आहे' हे कळतं त्या क्षणी पोटात कालवतंच.

पैशाचं सोंग आणता येत नाही

हे सगळं केवळ उदात्त विचारांतून आलं असं म्हणणं खरं ठरणार नाही. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी पूर्वी लॉस एंजेलिसच्या पोलीस दलात होते, नंतर दूरचित्रवाणीसाठी लिहू लागले. त्यांनी बनवलेला पहिला नमुना भाग वाहिनीनं फार बौद्धिक आहे म्हणून नाकारला आणि दुसरा मागवला. तो पसंत पडला आणि मालिका सुरू झाली, पण हात कायम आखडलेलाच होता. दर आठवड्याला यान नव्या ग्रहावर उतरताना दाखवणं परवडेना. त्यातून माणसांना किरणांत विरघळवून थेट जमिनीवर उमटवणारा 'ट्रान्सपोर्टर' जन्माला आला. आज जगभर ओळखली जाणारी ही कल्पना मुळात खर्चावरचा उपाय होती. भव्य देखावे जमत नसल्यामुळे कथेचा भार येऊन पडला तो चेहऱ्यांवर, संवादांवर आणि निर्णयांवर.

नटांनीही यात भर घातली. 'द एनिमी विदिन' या भागाच्या संहितेत स्पॉकनं कर्कच्या दुष्ट प्रतिरूपाला शस्त्राच्या दस्त्यानं हाणून बेशुद्ध करावं असं लिहिलं होतं. स्पॉक साकारणाऱ्या लिओनार्ड निमॉय यांना ते पटेना. इतक्या प्रगत, विचारी वंशाचा माणूस असा डोक्यात घाव घालणार नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी मानेजवळ बोटांनी दाबण्याची युक्ती सुचवली, शॅटनर यांनी त्यावर असे काही अंग टाकले की दिग्दर्शकाला ती पटली. स्पॉकची जगप्रसिद्ध चिमूट ही अशी एक घाव टाळण्यासाठी आली.

लेखन आणि निर्मितीची धुरा पेलणारे जीन कून यांचा वाटा तर फार मोठा. होर्टाची कथा त्यांचीच. त्याआधी १९ जानेवारी १९६७ ला आलेल्या 'अरीना'ची पटकथाही त्यांची. पृथ्वीच्या एका वसाहतीची राखरांगोळी करणाऱ्या गॉर्न या सरड्यासारख्या प्राण्याशी कर्कला ओसाड माळावर एकट्यानं लढावं लागतं. गंधक, सोरा आणि कोळसा गोळा करून, बांबूच्या नळकांड्यात ठासून तो तोफ तयार करतो. गॉर्न जखमी होऊन पडतो, कर्क त्याच्या गळ्याला दगडी सुरी लावतो आणि थांबतो. कदाचित ती वसाहत म्हणजे आपल्या प्रदेशावरचं आक्रमण आहे असं गॉर्नला वाटलं असेल, हा विचार त्याचा हात धरतो.

युद्ध फार स्वच्छ झालं की

२३ फेब्रुवारी १९६७ चा 'अ टेस्ट ऑफ आर्मागेडन' आजच्या काळात मुद्दाम बघावा असा. एमिनियार आणि व्हेंडिकार या दोन ग्रहांमध्ये पाचशे वर्षं युद्ध चालू आहे, पण एकही इमारत पडलेली नाही. हल्ले होतात ते संगणकात. संगणक हिशेब करून मृतांची यादी काढतो आणि यादीत नाव आलेले नागरिक ठरलेल्या मुदतीत मृत्यूच्या कक्षात चालत जातात. संस्कृती टिकली, बागा टिकल्या, फक्त माणसं मरतात. राज्यकर्त्यांना यात काहीच वावगं वाटत नाही.

कर्क तो संगणकच उडवून देतो. आता खरे बॉम्ब पडतील, घरं जळतील, म्हणून तरी तुम्ही तह कराल, असं तो त्यांना सुनावतो. माणसाच्या रक्तात हिंसा आहे हे तो मान्य करतो. पण आज मी मारणार नाही, एवढं तरी प्रत्येकाला ठरवता येतं, असं त्याचं म्हणणं. व्हिएतनाममधल्या मृतांचे आकडे बातम्यांत ऐकणाऱ्या प्रेक्षकांसमोर ही गोष्ट मांडली जात होती. पडद्यावर बिंदू बघून दूरवरचं लक्ष्य टिपणाऱ्या आजच्या युद्धांकडे पाहिलं, की ती जुनी वाटत नाही.

१५ डिसेंबर १९६६ चा 'बॅलन्स ऑफ टेरर' वेगळ्या अंगानं तिथेच पोचतो. पाणबुड्यांच्या लढाईसारखा रचलेला हा भाग. रोम्युलन या शत्रूला आजवर कोणी पाहिलेलं नाही. पडद्यावर पहिल्यांदा त्यांचा चेहरा दिसतो आणि 'एंटरप्राइज'वर सन्नाटा पसरतो : तेच टोकदार कान, हुबेहूब स्पॉकसारखा चेहरा! ज्याचे पूर्वज मागच्या युद्धात मारले गेले, तो अधिकारी स्टाइल्स त्या क्षणापासून स्पॉककडे हेर म्हणून बघू लागतो. पुढे विषारी गळतीत सापडलेल्या त्याच स्टाइल्सला स्पॉक वाचवतो. इकडे जिंकल्यानंतर कर्क शत्रूच्या जखमी सेनानीला मदत देऊ करतो. सेनानी ती नाकारतो. आपण दुसऱ्या कुठल्या जगात भेटलो असतो तर मित्र झालो असतो, अशा अर्थाचं काही बोलून आपलं जहाज स्वतःच नष्ट करतो. हात पुढे झाला होता, पण उशीर झाला होता.

हात आवरण्याची किंमत

मालिकेतला सर्वांत थोर क्षण मात्र या सगळ्या मांडणीला उभा छेद देतो. ६ एप्रिल १९६७ चा 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर'. औषधाच्या चुकीच्या मात्रेनं भ्रमिष्ट झालेला मॅकॉय काळाच्या कमानीतून भूतकाळात जातो आणि तिथे असं काही करतो की 'एंटरप्राइज'च नाहीसं होतं. त्याला थांबवायला कर्क आणि स्पॉक १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये येतात. महामंदीचे दिवस. भुकेल्यांना सूप देणाऱ्या आश्रमाची चालिका ईडिथ कीलर त्यांना आसरा देते. माणूस एक दिवस ताऱ्यांपर्यंत जाईल, भूक आणि रोग मिटवील, असं मनापासून मानणारी ही बाई. कर्क तिच्या प्रेमात पडतो. आणि स्पॉक त्याला सांगतो की ती मरायला हवी. ती जगली तर तिची शांततेची चळवळ अमेरिकेला दुसऱ्या महायुद्धात उशिरा उतरवील आणि तेवढ्या अवधीत हिटलरच्या हाती अणुबॉम्ब पडेल.

मग तो रस्ता. कर्क आणि ईडिथ सिनेमाला निघालेत. अचानक समोर मॅकॉय दिसतो, कर्क आनंदानं त्याच्याकडे धावतो. ईडिथ रस्ता ओलांडू लागते. ट्रक येतो. कर्क वळतो, स्पॉक ओरडतो, कर्क जागच्या जागी खिळतो. मॅकॉय तिला वाचवायला झेपावतो आणि कर्क त्याला घट्ट मिठीत पकडून ठेवतो. ट्रकचे ब्रेक करकचतात. आपण काय केलंत हे कळतंय का, असं मॅकॉय संतापून विचारतो. त्याला उत्तर देतो तो स्पॉक : त्यांना कळतंय, डॉक्टर. कर्क तोंडातून एक शब्दही काढत नाही, त्याची मूठ मात्र आवळलेली असते.

हा भाग दाखवला गेला त्याच्या दोनच दिवस आधी, ४ एप्रिलला, मार्टिन लूथर किंग यांनी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध भाषण केलं होतं. त्याच आठवड्यात या मालिकेनं शांततावादी स्त्रीचा बळी इतिहासासाठी आवश्यक ठरवला, याचा काही अभ्यासकांना राग आहे आणि तो समजण्यासारखा आहे. माझ्या मते मात्र हा भाग ईडिथला चूक ठरवत नाही. ती बरोबर आहे, फक्त तिची वेळ चुकली, असं स्पॉकच म्हणतो. शहाणपणाची किंमत कधीकधी निरपराधाला मोजावी लागते, हे मान्य करायचं धैर्य त्यात आहे. मूळ लेखक हार्लन एलिसन यांची संहिता इतरांनी बदलली म्हणून ते अखेरपर्यंत रागावलेले होते. गंमत अशी की, पडद्यावरच्या भागाला १९६८ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला आणि एलिसन यांच्या मूळ संहितेला लेखक संघटनेचा.

सुंभ जळाला तरी

१० जानेवारी १९६९ ला आलेल्या 'लेट दॅट बी युवर लास्ट बॅटलफील्ड'मध्ये बील आणि लोकाय हे दोघे एकमेकांचे हाडवैरी. दोघांचेही चेहरे उभे अर्धे काळे, अर्धे पांढरे. कर्कला त्यांच्यात फरकच दिसत नाही. तेव्हा बील तुच्छतेनं दाखवून देतो : माझी उजवी बाजू काळी आहे, त्याची डावी! यान त्यांच्या ग्रहावर पोचतं तेव्हा तिथे कोणीही उरलेलं नसतं, सगळी प्रजा आपसांत लढून संपलेली. आता तरी हे दोघे थांबतील असं वाटतं, पण ते एकमेकांचा पाठलाग करत त्याच मेलेल्या ग्रहावर उतरतात. किंग यांच्या हत्येला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. भागाची मांडणी ढोबळ आहे, पण त्या शेवटाची जरब अजून कमी झालेली नाही.

किंग यांचा या मालिकेशी आणखी एक धागा आहे. संपर्क अधिकारी उहुराची भूमिका करणाऱ्या निशेल निकल्स पहिल्या हंगामानंतर मालिका सोडणार होत्या. किंग यांनीच आपल्याला थांबवलं, असं त्या पुढे अनेकदा सांगत. कृष्णवर्णीय स्त्री यानाच्या सुकाणूकक्षात मोलकरीण म्हणून नव्हे, अधिकारी म्हणून दिसते, ही जागा सोडू नका, असं त्यांचं सांगणं. निकल्स यांनी नंतर 'नासा'साठी स्त्रिया आणि अल्पसंख्याकांमधून अंतराळवीर मिळवण्याचं काम केलं. १९९२ साली अंतराळात गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री मे जेमिसन यांनी उहुरापासून प्रेरणा मिळाल्याचं सांगितलं आहे.

मालिकेत दोषही पुष्कळ आहेत. कित्येक भागांत प्रश्न ठोशांनीच सुटतात, आणि स्त्रीला यानाची कप्तान होता येत नाही हे गृहीत धरून रचलेला शेवटचा भाग आज पाहवत नाही. पण ज्या प्रसंगांची आठवण पिढ्यांनी जपली, ते वेचले गेले ते चाहत्यांच्या निवडीतून. दुसऱ्या हंगामानंतर मालिका बंद पडू नये म्हणून त्यांनी वाहिनीकडे पत्रांचा पाऊस पाडला. ती बंद झाल्यावर सत्तरच्या दशकात स्थानिक वाहिन्यांवरच्या पुनःप्रक्षेपणांतून ती खऱ्या अर्थानं घरोघरी गेली. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ती पाहिलेली पिढी आता पन्नाशीत आहे.

नव्यानं बघणाऱ्यांना सगळे ७९ भाग बघायची गरज नाही. आधी 'द डेव्हिल इन द डार्क', मग 'अ टेस्ट ऑफ आर्मागेडन' आणि शेवटी 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर', या क्रमानं तीन बघावेत. पहिला सांगतो, समोरच्याला नीट बघितल्याशिवाय मारू नका. दुसरा सांगतो, न मारण्याचा निर्णय रोज नव्यानं घ्यावा लागतो. तिसरा या दोन्ही धड्यांवर समाधान मानून स्वस्थ बसू देत नाही. घरातल्या मुलांना सोबत घेऊन बघा आणि ईडिथला वाचवायला हवं होतं का, हे त्यांना विचारा. त्या प्रश्नावर घरात वाद झाला, तर मालिका नीट बघितली असं समजायला हरकत नाही.